वाचकांचे प्रश्न : पदरातले सोने आणि जुनापाणीची वर्तुळे

प्रश्न : ट्रॉय हे प्राचीन शहर शोधायला निघालेला जर्मन उत्खननकार हाइनरिश श्लीमान आणि त्याची बायको सोफिया यांच्यावरून सुचलेली कादंबरी लिहिते आहे. ती घडते १९३५ साली, नागपूरजवळच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळांवर, म्हणजे मोठ्या दगडांनी आखलेल्या प्राचीन दफनांच्या जागी. पुराणवस्तूंनी झपाटलेला नवरा एका रात्रीत वर्तुळाच्या मधोमध खड्डा खणतो आणि बायको सापडलेले सोने पदरात लपवून घरी आणते. हे पटेल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : पदराचा प्रसंग श्लीमानने स्वतःच रचलेला आहे. १८७३ साली ट्रॉयचा खजिना सोफियाने शालीत लपवून नेला असे त्याने लिहिले, पण तेव्हा ती अथेन्सला होती. खजिनाही त्याला वाटला तसा प्रायमचा, म्हणजे ग्रीक कवी होमरच्या काव्यातल्या ट्रॉयच्या राजाचा, नव्हता. तो प्रायमच्या काळाहूनही हजारापेक्षा अधिक वर्षे जुना निघाला. होमरच्या ट्रॉयच्या शोधात त्याने टेकडीत एवढा मोठा चर खणला की वरचे थर, म्हणजे ज्यांत ते ट्रॉय असण्याची शक्यता होती तेच, बरेचसे नष्ट झाले. तुमच्या नायकाचा ध्यास असाच त्याच्या खणण्यातून दिसू द्या.

रात्रीत खड्डा मात्र जमणार नाही. विदर्भातल्या वर्तुळांत दगडगोटे आणि काळी माती ठासून भरलेली असते, आणि वस्तू नेमक्या मधोमधच असतील असेही नाही. थंडीतले काही आठवडे, मजूर, कुदळी, घमेली, चाळण्या हे सगळे दाखवा. वर्तुळाचे चार भाग करून मध्ये न खणलेले बांध राखायचे आणि त्यांच्या कडेवर थर वाचायचे, ही शिस्त आपल्याकडे रुजली ती १९४४ नंतर, भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मॉर्टिमर व्हीलर यांच्या काळात. १९३५च्या नायकाच्या हाती ती देऊ नका. कार्बन-१४ने, म्हणजे लाकूड-हाडांसारख्या अवशेषांतल्या किरणोत्सारी कार्बनवरून, काळ ठरवणेही १९४९ नंतरचे.

सोन्याऐवजी अकीकाचे मणी घ्या. नागपूरजवळचे माहुरझरी त्यासाठीच प्रसिद्ध आहे. माळेचा दोरा कुजतो, पण मणी मातीत ओळीने राहतात. जागीच चित्र काढून, खोली मोजून, प्रत्येकाला क्रमांक दिला तर माळ कशी ओवली होती ते कळते. बायकोने ते पदरात गोळा केले आणि घरी हौसेने नव्या दोऱ्यात ओवले, की पुरावा गेला. चोरीपेक्षा हे नुकसान मोठे, आणि ते प्रेमाने झालेले. कादंबरीला याहून चांगला प्रसंग मिळणार नाही. वर्तुळांत लोखंडी कुऱ्हाडीही सापडतात; त्या तिला धुवायला लावू नका. पाण्याने गंज वाढतो, पापुद्रे सुटतात. कोरडा ब्रश आणि कोरडा कापूस पुरे.

कायद्याचाही धागा आहे. १८७८च्या गुप्तधन कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवावे लागे; लपवणाऱ्याला शिक्षा होती. म्हणजे ती माळ गळ्यात घालून बायको हळदीकुंकवाला गेली, तरी पंचाईत.

आणि तिला नुसती साक्षीदार ठेवू नका. १८७६ साली ग्रीसमधल्या मायसीनीला एका मोठ्या थडग्याच्या खोदकामावर सोफियाच देखरेख करत होती. तुमच्या नायिकेकडे निदान वस्तूंची नोंदवही द्या: तारीख, खोली, थर, वस्तू, कोणाला सापडली. नवऱ्याने डायरीत लिहिलेले आणि तिने वहीत नोंदलेले जुळेनासे झाले की तुमची कादंबरी सुरू होईल.