घरावर जुने सिमेंटचे पत्रे आहेत, कॅन्सर होईल का?

नुसतं खाली राहिल्यानं धोका फार कमी. पत्रा धड असेल तर त्यातलं ॲस्बेस्टॉस (बारीक तंतूंचं खनिज) सहसा बाहेर पडत नाही. खरी भीती मृगाआधी पत्रे बदलताना, कटर लावला की उडतो त्या धुरळ्याची. आधी पाणी मारा, अख्खे उतरवा, कोरडा झाडू नको. हे तंतू फुफ्फुसाच्या आवरणात रुतले तर मेसोथेलिओमा (त्या आवरणाचा कॅन्सर) बहुधा २० ते ५० वर्षांनी उगवतो. त्यात बिडी असेल तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका कैकपट वाढतो, हे आपल्याकडं कुणी मनावरच घेत नाही.

असं काम वर्षानुवर्षं केलेल्याला दम लागतोय, छातीत पाणी झालंय? टीबीच असेल म्हणून गप्प बसू नका. सीटी स्कॅन, मग बायोप्सी (छोटा तुकडा काढून तपासणी). त्याशिवाय निदान पक्कं नाही. संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात दाखवा, जुनं काम डॉक्टरांना सांगाच. उपचार केमो, इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारी औषधं), मोजक्यांना ऑपरेशन. मेसोथेलिओमा समूळ क्वचितच जातो.