चार वाजता उठलंच पाहिजे का?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : मी बेळगावात वडगावला राहते, वय ३१. यजमान उद्यमबागेत फौंड्रीत सकाळच्या पाळीला जातात, त्यांचा डबा सव्वासहाला तयार लागतो. सासूबाई चारला उठतात आणि साडेचारला मला हाक मारतात. ब्राह्ममुहूर्ताला घरची बाई उठलेली असावी, असं त्यांचं म्हणणं. मी घरी ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. सकाळी माझं डोकं चालत नाही, कटिंग हमखास बिघडतं. रात्री दहानंतर मात्र हात असा चालतो की साडेबारा कधी वाजले ते कळत नाही. खानापूरला माहेरी गेले की एकला झोपून नऊला उठते आणि दिवसभर ताजी असते. घरात सगळे आळशी म्हणतात. लग्न झाल्यापासून सवय लागेल म्हणून वाट बघतेय, लागत नाही. काय करू?

उत्तर : ताई, आळशी माणूस रात्री साडेबारापर्यंत मशीनवर बसत नाही. हे वाक्य आधी लिहिते, कारण तुमच्यासारख्या बायका माझ्या शहापूरच्या दवाखान्यात अंगदुखी, डोकेदुखी सांगत येतात आणि बोलता बोलता हीच गोष्ट निघते. कमीपणा मनात इतका रुतलेला असतो की झोपेबद्दल विचारलं तरी त्यांचे डोळे भरतात.

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका असतो. झोप, अंगातली ऊब, भूक, हुशारी या सगळ्यांच्या वेळा तिथून ठरतात. हे घड्याळ बाहेरच्या उजेडावर नुसतं नाचत नाही, ते स्वतः चालतं. १७२९ मध्ये द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखं रोप अंधारात ठेवून पाहिलं, तर ऊन नसतानाही त्याची पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत होती. हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं ते शोधणाऱ्या हॉल, रोसबाश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. माणसाचं घड्याळ सरासरी चोवीस तासांपेक्षा थोडं, दहाएक मिनिटांनी मोठं असतं. कुणाचं लहान, कुणाचं आणखी मोठं. यातलं बरंच रक्तातून येतं. तुमच्या माहेरी वडील किंवा एखादी आत्या रात्री उशिरापर्यंत जागणारी आहे का, आठवून बघा.

आता तुमच्याच पत्रातला हिशेब. वडगावात साडेबारा ते साडेचार, म्हणजे झोपेचा मध्य अडीच वाजता. माहेरी एक ते नऊ, मध्य पाच वाजता. अडीच तासांचा फरक. शास्त्रज्ञ याला ‘सोशल जेटलॅग’ म्हणतात : विमानात न बसता रोज परदेशातून आल्यासारखं अंग. त्यात तुमची झोप होते चार तास. मोठ्या माणसाला निदान सात तरी लागतात. कटिंग बिघडणार नाही तर काय होईल?

ब्राह्ममुहूर्ताचं मला थोडं सविस्तर सांगू द्या, कारण हा शब्द आपल्याकडे सुनांवर फार वापरला जातो. एक मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटं. ब्राह्ममुहूर्त सुरू होतो सूर्योदयाच्या दोन मुहूर्त आधी, म्हणजे ९६ मिनिटं. तो सूर्याला बांधलेला आहे, भिंतीवरच्या घड्याळाला नाही. आणि भिंतीवरचं घड्याळ आपलं नाहीच, ते साऱ्या देशासाठी धरलेल्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाचं, मिर्झापूरकडचं. बेळगाव आहे साडेचौऱ्याहत्तरच्या आसपास. आठ अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या अर्धा तास मागे. जूनमध्ये इथे सहाच्या सुमाराला उजाडतं, तेव्हा साडेचार बरोबर. जानेवारीच्या मध्याला सूर्य सात वाजून गेल्यावर वर येतो, म्हणजे ब्राह्ममुहूर्त लागतो साडेपाचला. थंडीत साडेचारला उठणारी सून शास्त्राच्याही तासभर आधी उठते. सासूबाईंना हे वाद म्हणून सांगू नका, पंचांग पुढ्यात ठेवून सांगा.

तरीही सवय का लागली नाही? अंगाचं तापमान पहाटे एकदा तळाला जातं, आपोआप जाग येण्याच्या साधारण दोन-अडीच तास आधी. या तळानंतर डोळ्यांवर आलेला उजेड घड्याळ अलीकडे, म्हणजे लवकरच्या वेळेकडे ओढतो, आधी आलेला उजेड ते उलट पलीकडे, उशिराकडे ढकलतो. तुमचा तळ सहा-साडेसहाच्या आसपास असावा. त्याआधी स्वयंपाकघरात लख्ख ट्यूब, आणि रात्री साडेबारापर्यंत मशीनवरचा दिवा. दोन्ही टोकांनी तुमचं घड्याळ उशिराकडे ढकललं जातंय.

म्हणून वेळ एकदम बदलू नका. आत्ता उठायची वेळ साडेपाच धरा. पीठ रात्रीच मळून ठेवा, भाजी चिरून ठेवा, डबा धुऊन ओट्यावर काढून ठेवा. झोपेतच हात चालतील असंच काम सकाळसाठी शिल्लक ठेवायचं. पहाटे पिवळा मंद दिवा पुरे. उजाडलं की मात्र घरात थांबू नका. गच्चीवर, परड्यात, कुठेही अर्धा तास उघड्यावर : कपडे वाळत घाला, तांदूळ निवडा, चहा तिथेच घ्या. जुन्या घरांच्या माजघरात दिवसासुद्धा उजेड नसतो. आपल्याकडे जुलैत आठवडा-आठवडा ऊन दिसत नाही, पण ढगाळ आभाळाखालचा उजेडही ट्यूबलाईटच्या कित्येक पट असतो. पाऊस असेल तर पडवीत बसा.

मशीन रात्री दहाला बंद. मला माहीत आहे, हेच तुम्हाला जड जाणार, तुमचा सगळ्यात चांगला वेळ जातोय असं वाटेल. पण हुशारी तुम्हाला दुपारनंतरच चढू लागते. कटिंग चार ते आठ या वेळात बसवा, हूक, काज, हेमिंग सकाळी. झोप दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणत पावणेअकरावर न्या. चारनंतर चहा नको, त्यातलं कॅफिन निम्मं उतरायला पाचेक तास लागतात. दुपारी तीनच्या आत वीस मिनिटं पडलात तर चालेल. माहेरी गेल्यावर नऊपर्यंत झोपू नका, सात-साडेसातला उठा, नाहीतर कमावलेलं सगळं दोन दिवसांत जातं. याने तुमचं घड्याळ तास-दीड तास अलीकडे येईल. चारला ताज्या उठणाऱ्या सासूबाई तुम्ही होणार नाही, व्हायची गरजही नाही.

त्यांच्याबद्दलही बोलायला हवं. वय वाढतं तसं घड्याळ अलीकडे सरकतं. चारला उठणं त्यांना सोपं आहे, तुमच्या वयात कदाचित त्यांनाही नव्हतं. मग कामं वाटून घ्या. पहाटेचा चहा, तुळस, सडा त्यांच्याकडे. रात्रीची भांडी, विरजण, कुलूप, कुणाचं रात्रीचं औषध असेल तर ते, तुमच्याकडे. टांझानियातल्या हाड्झा या शिकारी लोकांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेहतीस मोठी माणसं, वीस दिवस, आणि सगळेच्या सगळे एकदम गाढ झोपेत असा वेळ एकूण अठरा मिनिटांच्या आसपास. कुणीतरी नेहमी जागं. माणसाच्या कळपाला दोन्ही प्रकारची माणसं लागत आली आहेत.

एक तपासणी मात्र टाळू नका. पुरेशी झोप होऊनही थकवा राहिला, किंवा तुम्ही घोरता असं यजमान म्हणाले, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉईड बघून घ्या. बायकांच्या रक्ताच्या कमतरतेला आपल्याकडे वर्षानुवर्षं आळस म्हटलं गेलंय.

प्रश्न : वय ७१, निपाणी. तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होतो. रात्री आठला डोळे मिटतात आणि तीनला टक्क जाग येते. झोपेची गोळी घ्यावी का?

उत्तर : काका, आठ ते तीन म्हणजे सात तास. तुमची झोप पूर्ण आहे, गोळी कशाला? तीनला उठून शांत वाटत असेल तर वाचा, जप करा, फक्त मोठे दिवे लावू नका. वेळ पुढे न्यायची असेल तर पहाटेचं फिरणं बंद करून संध्याकाळी पाच ते साडेसहा बाहेर फिरा. तुम्हाला संध्याकाळचा उजेड हवा, पहाटेचा नको. आठला पडायच्या ऐवजी नऊपर्यंत घरात माणसांत बसा. लघवीसाठी वारंवार उठावं लागत असेल तर मात्र दाखवून घ्या.

प्रश्न : संकेश्वर. मुलगा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, सायन्सला. आम्ही त्याला चारला उठवून अभ्यासाला बसवतो, तर तो पुस्तकावर झोपतो. रात्री मात्र अकराला अभ्यासाला बसतो. ‘लवकर निजे, लवकर उठे’ हे आम्ही लहानपणापासून शिकवलं, तरी असं का?

उत्तर : कारण तो सतरा वर्षांचा आहे. वयात येताना घड्याळ उशिराकडे सरकतं, विशीच्या आसपास सर्वांत उशिरा असतं आणि मग हळूहळू मागे येतं. झोप आणणारं मेलाटोनिन या मुलांच्या रक्तात रात्री उशिरा चढतं. चारला तो पुस्तकासमोर असतो, पण त्याच्या मेंदूत तेव्हा मध्यरात्र असते. दिवसभर वाचलेलं पक्कं होण्याचं काम झोपेत होतं, तुम्ही नेमके तेच तास कापता. कृपा करून चारची हाक बंद करा.

त्याला साडेसहापर्यंत झोपू द्या. अवघड विषय, गणित आणि फिजिक्स, संध्याकाळी पाच ते दहात ठेवा. साडेदहाला पुस्तक मिटायचं, मोबाईल तुमच्या खोलीत. पेपर सकाळी असतो, म्हणून परीक्षेच्या तीन आठवडे आधीपासून पेपरच्याच वेळेला एक जुना पेपर सोडवायला बसवा, म्हणजे त्या तासाला डोकं तयार असेल. आणि त्याची खोली पूर्वेच्या खिडकीची असेल तर पडदा काढून टाका.