गाय खोकलली की लगेच सुई नको भाऊ
भाऊ, गाय घेतली ते मस्त केलं, पण थोडी खोकलली की सुई मारा म्हणून धावू नको. गाईच्या श्वासनळीचं आतलं अस्तर स्वतःच जंतू मारणारे छोटे प्रोटीन बनवते, पेप्टाइड म्हणतात त्याले, अन् बीटा-डिफेन्सिन हा त्यातलाच एक प्रकार, सस्तन प्राण्यातलं पहिलं बीटा-डिफेन्सिन १९९१ मधी गाईच्याच श्वासनळीत सापडलं, मले तर लय अभिमान वाटते याचा! त्याच्यावर पॉझिटिव्ह चार्ज असते, ते जंतूच्या निगेटिव्ह आवरणाले चिकटते अन् भोकं पाडते. डेक्सासारख्या (म्हणजे डेक्सामेथासोन) स्टेरॉइडनं मात्र हे बनणं दबते असं लॅबमधी दिसलं हाय, म्हणून कोणी ताकदीचं इंजेक्शन म्हणून काही देत असन तर आधी नाव विचार, डॉक्टरनं तपासल्याशिवाय घेऊच नको. गोठ्यात मुताचा वास डोळ्याले झोंबते का ते पाय, तो अमोनिया अस्तरच खराब करते, साफ कर अन् कोरडं तणस टाक. ताप असन, चारा सोडला असन, दम लागत असन तर वाट पाहू नको, तिथं अँटिबायोटिक लागू शकते. अन् व्याली की वासराले दोन-चार तासाच्या आत पोटभर चीक पाज, कोणाच्या खरवसासाठी थांबू नको.