शंभरेक अर्ज केले, एकही फोन नाही. आयटीतल्या नोकरीसाठी सीव्ही नेमका कसा लिहावा?

तुम्ही लिहिलंय की नांदेडहून कॉम्प्युटरची पदवी झाली, त्यानंतर २ वर्षं एमपीएससीत गेली, आता जावा शिकून शंभरेक ठिकाणी अर्ज केले आणि कुणी विचारलं नाही. मी परभणी जिल्ह्यातला, शिक्षण नांदेडलाच, सध्या पुण्यात एका कंपनीत टीम लीड आहे. टीममध्ये माणूस घ्यायचा असला की सीव्हींचा गठ्ठा माझ्याकडे येतो. एकेकाळी अर्ज करणारा मी होतो, आता अर्ज बाजूला सारणाराही मीच.

आपल्याकडच्या पोरांचा सीव्ही लांबूनच ओळखू येतो, कारण तो बायोडाटा असतो. सोयरिकीला फिरवतात तसला. वर पासपोर्ट फोटो, मग वडिलांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, मुक्काम पोस्ट तालुका जिल्हा, छंद क्रिकेट खेळणे व गाणी ऐकणे. शेवटी ‘वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’, ठिकाण, तारीख, सही. रास आणि मामाचं गाव तेवढं राहतं. माझा पहिला सीव्ही अगदी असाच होता. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याने करून दिलेला. त्यात ‘ऑब्जेक्टिव्ह’चा परिच्छेद आधीच्या पोराचा तसाच राहिला होता आणि त्याला मेकॅनिकलमध्ये करिअर करायचं होतं. तो सीव्ही मी चार महिने वाटत फिरलो.

तर हे सगळं काढा. वर नाव, मोबाइल, ईमेल, शहर, गिटहब (आपला कोड ठेवायची साइट) आणि लिंक्डइनची लिंक, संपलं. ‘नांदेड, पुण्याला लगेच येण्याची तयारी’ एवढा पत्ता पुरतो. मित्राच्या कात्रजच्या रूमचा पत्ता टाकू नका. ईमेलमध्ये किंग, राजे असलं काही असेल तर नवा काढा. फ्रेशरला एक पान खूप झालं. त्यात आधी स्किल्स, मग प्रोजेक्ट, मग शिक्षण.

खरी गंमत प्रोजेक्टमध्ये आहे, आणि तिथेच सगळे माती खातात. माझ्या आतेभावाच्या सीव्हीत एकच ओळ होती: ‘शॉप मॅनेजमेंट सिस्टीम, जावा, मायएसक्यूएल’. असली ओळ दर तिसऱ्या सीव्हीत असते. मी विचारलं, हे काय केलंस बाबा? तर गडी अर्धा तास थांबेना. त्याच्या काकांची मोंढ्यात आडत आहे. सोयाबीनच्या हंगामात शेतकरी रांगेत उभे आणि मुनीम हाताने पट्टी, म्हणजे मालाच्या हिशोबाची पावती, करतोय. वजन गुणिले भाव, वजा हमाली, वजा तोलाई. एका पट्टीला ५ मिनिटं. याने स्प्रिंग बूटमध्ये (जावाचा तयार सांगाडा) वेब अॅप केलं, आता मिनिटाभरात पट्टी छापून हातात. सुरुवातीला त्याने पैशांचा हिशोब डबलमध्ये, म्हणजे जावाच्या अंदाजे दशांश ठेवणाऱ्या प्रकारात, ठेवला होता, तर बेरीज पैशा-दोन पैशांनी चुकायची आणि मुनीम ती पकडायचा. मग सगळं बिगडेसिमलमध्ये, म्हणजे दशांश अचूक ठेवणाऱ्या प्रकारात, बदललं. लाइट गेली की अर्धवट पट्ट्या डेटाबेसमध्ये अडकायच्या, म्हणून ट्रान्झॅक्शन (नोंद झाली तर पूर्ण, नाहीतर अजिबात नाही) वापरायला शिकला.

अरे, मग हेच लिही ना! आम्ही त्या एका ओळीच्या चार केल्या. धान्याच्या आडत दुकानासाठी पट्टी तयार करणारं अॅप, स्प्रिंग बूट आणि मायएसक्यूएलमध्ये. हंगामात रोज ६०-७० पट्ट्या त्यावर होतात. एका पट्टीचा वेळ ५ मिनिटांवरून १ मिनिटावर आला. पैशांचा हिशोब बिगडेसिमलमध्ये नेऊन बेरजेतल्या चुका बंद केल्या, ट्रान्झॅक्शन वापरून अर्धवट नोंदी थांबवल्या. खाली गिटहबची लिंक, आणि तिथल्या रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये दोन स्क्रीनशॉट आणि अॅप कसं चालवायचं ते. सीव्ही अर्थातच इंग्रजीत, पण आधी ही गोष्ट घरात कुणाला तरी मराठीत सांगून बघा. सांगताना जे तोंडातून येतं तेच लिहायचं असतं. थेट इंग्रजीत बसलात की चॅटजीपीटीची भाषा उतरते, आणि ‘स्पिअरहेडेड’ (नेतृत्व केलं) लिहिलेला फ्रेशर मी आता दिवसाला दहा बघतो. आकडा मात्र मोजलेलाच टाका.

विकतचा प्रोजेक्ट तर नकोच. फायनल इयरला आम्ही चौघांनी पैसे काढून एक फेस रेकग्निशनचा घेतला होता. एका मुलाखतीत त्या माणसाने शांतपणे विचारलं, ‘दोन जुळ्या भावांचे फोटो दिले तर तुमचं मॉडेल काय करेल?’ मी म्हणालो, सर, बघावं लागेल. तो हसला, मीही हसलो, आणि बाहेर येऊन रिक्षा पकडली.

स्किल्सचंही तसंच. ज्यावर १० मिनिटं बोलता येईल तेवढंच ठेवा. एमएस ऑफिस, इंटरनेट सर्फिंग वगैरे उडवा. पण जे येतं ते जाहिरातीतल्याच शब्दांत लिहा. नोकरीच्या साइटवर शोधणारी एचआरची बाई कोड लिहीत नाही. ती ‘स्प्रिंग बूट’, ‘रेस्ट एपीआय’ असे शब्द टाकून शोधते. तुम्ही नुसतं ‘बॅकएंड’ लिहिलं असेल तर तिला दिसणारच नाही.

कॅनव्हावरचे रंगीत दोन कॉलमचे साचे, फोनचे चिन्ह, ‘जावा ८०%’ दाखवणारी पट्टी, हे टाळा. बऱ्याच ठिकाणी सीव्ही आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि कॉलम असले की मजकुराची खिचडी होते. तपासायला सोपं आहे: तुमची पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे ओळी वरखाली झाल्या, नंबर गायब झाला, तर सॉफ्टवेअरलाही बहुधा तसंच दिसणार. झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन केलेली पीडीएफ तर फोटोच असते, पेस्ट करायला काही येतच नाही.

एमपीएससीची २ वर्षं लपवू नका. ‘स्पर्धा परीक्षेची तयारी’ आणि कधीपासून कधीपर्यंत, एक ओळ. महाराष्ट्रात कुणाला त्याचं नवल वाटत नाही, उलट तारखांमध्ये भोक दिसलं की शंका येते. दहावी-बारावीचे मार्क कमी असतील तर बऱ्याच मोठ्या सर्व्हिस कंपन्यांची ६०% ची अट आडवी येईल, तिथे सीव्ही काही करू शकत नाही. लहान कंपन्या आणि कॉलेजातल्या सीनियरचं रेफरल, हा रस्ता धरा.

आणि कुणी ‘पैसे भरा, २ वर्षांचं एक्स्पिरियन्स लेटर देतो’ म्हणालं तर तिथून उठा. पडताळणीत पीएफचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा नंबर, मागतात, त्यावर कुठल्या कंपनीने कधी पीएफ भरला ते दिसतं. लागलेली नोकरी सहा महिन्यांनी जाताना मी पाहिली आहे. गावात पेढे वाटून झाले होते.

शेवटचं, मोबाइल नंबर एकदा वाचून घ्या आणि गावाकडे रेंज नसेल तर घरातला दुसरा नंबरही द्या. मला पहिला फोन आला तेव्हा मी शेतात तूर काढत होतो. संध्याकाळी फाट्यावर आल्यावर तीन मिस्ड कॉल दिसले.