व्यसनातून सावरणाऱ्या संगीतकाराच्या प्रेमात पडले आहे. माझ्या प्रेमाने तो कायमचा सुटेल का?

एकट्या प्रेमाने सुटेल, असं धरून चालू नका. अमेरिकन गायक जॉनी कॅशचंच बघा. त्याची प्रेयसी, गायिका जून कार्टर त्याच्या नशेच्या गोळ्या शोधून फेकून द्यायची. १९६८ मध्ये त्यांचं लग्न झालं आणि ‘तिच्या प्रेमाने तो तरला’ ही गोष्ट जगभर गाजली. पुढचं फारसं कोणी सांगत नाही: तो पुन्हा गोळ्यांकडे वळला, आणि १९८३ च्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या बेटी फोर्ड सेंटर या व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला. जून तेव्हाही सोबत होतीच!

त्यामुळे खिसे तपासत बसू नका. समुपदेशन चालू आहे का, कार्यक्रमानंतरच्या पार्ट्या तो टाळतो का, हे सरळ विचारा. व्यसन दारूचं असेल तर तुम्ही स्वतः अल-अ‍ॅनॉनच्या बैठकीला जा. ती जवळच्या माणसांसाठीच असते, त्याला विचारून जायची गरज नाही.