‘कॉर्गी’ हा शब्द इंग्रजी आहे का? त्याचा अर्थ ‘राजघराण्याचा कुत्रा’ असा होतो का?

नाही. ब्रिटनची राणी दुसरी एलिझाबेथ हिचा आणि या शब्दाच्या अर्थाचा काही संबंध नाही. एलिझाबेथच्या वडिलांनी १९३३ साली डूकी नावाचा कॉर्गी घरी आणला, १९४४ मध्ये तिला अठराव्या वाढदिवसाला सुझन नावाची कॉर्गी मिळाली आणि तेव्हापासून हे कुत्रे जगाला राजवाड्यातलेच वाटू लागले. शब्द मात्र वेल्श, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सच्या भाषेतला आहे, आणि तो शेतकऱ्यांच्या गोठ्यातला आहे. ‘कॉर’ म्हणजे बुटका, ‘की’ म्हणजे कुत्रा. नैऋत्य वेल्समध्ये पेम्ब्रोक आणि कार्डिगन भागांत हे बुटके कुत्रे गुरं हाकायचे. गाईच्या टाचेला हळूच चावा घ्यायचा आणि तिनं लाथ झाडली की ती डोक्यावरून निघून जायची, इतकी कमी उंची.

आता ‘की’चा ‘गी’ कसा झाला? मी वेल्श शिकायला लागले तेव्हा याच गोष्टीनं मला वेड लावलं. मराठीत शब्दाचं शेपूट बदलतं: घोडा, घोड्याला. वेल्शमध्ये शब्दाचं तोंडही बदलतं. कुत्रा ‘की’, पण ‘तुझा कुत्रा’ म्हणताना ‘गी’, ‘तिचा कुत्रा’ म्हणताना घशातून काढलेला ‘खी’ आणि ‘माझा कुत्रा’ म्हणताना चक्क ‘ङ्ही’! शब्दकोशात ‘ग’खाली शोधलं तर हा कुत्रा सापडतच नाही, ‘क’खाली पाहावं लागतं. जोडशब्दातही दुसऱ्या शब्दाचा ‘क’ असाच मऊ होतो, कारण फार पूर्वी तो दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला असायचा. हे आपल्याला परकं नाही. संस्कृत ‘सकल’चा आपण ‘सगळा’ केला, ‘बक’चा ‘बगळा’ केला, तेही असंच.

आणि ‘की’ हा शब्द तर आपल्या नात्यातलाच आहे. त्याचं अनेकवचन ‘कून’. संस्कृतातलं ‘श्वन्’ आणि त्याचं षष्ठीचं रूप ‘शुनः’ शेजारी ठेवून पाहा. जिथे वेल्शमध्ये मुळातला ‘क’ टिकला, तिथे संस्कृतात ‘श’ झाला. वेल्शमध्ये शंभरला ‘कान्ट’ म्हणतात आणि आपल्याकडे ‘शत’, तीच जोडी. म्हणजे कॉर्गीतला ‘गी’ आणि आपला ‘श्वान’ एकाच घरचे.

वापराचं म्हणाल तर वेल्श माणूस अनेक कॉर्गींना ‘कॉर्गुन’ म्हणतो, ‘कॉर्गीज’ हे इंग्रजी. कार्डिगनकडच्या कॉर्गीला जुने लोक ‘गजभर लांब कुत्रा’ अशा अर्थाचं वेल्श नाव देत, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत एक वेल्श गज म्हणून. आणि एखाद्याची पार वाताहत झाली तर वेल्शमध्ये म्हणतात, तो कुत्र्यांच्या आणि कावळ्यांच्या मध्ये गेला. आपण म्हणतो, त्याचे हाल कुत्रं खाणार नाही.