कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातला कोकणकडा, रतनगडाचं नेढं आणि सांदण दरी तीन दिवसांत होईल का?

तुमच्या प्रश्नातल्या तीन गोष्टी धरून उत्तर देतो: सोबत बारा वर्षांची मुलगी आहे, ट्रेकचा अनुभव बेताचा आहे आणि नुसती ठिकाणं बघायची नाहीत, खडक असे का झाले तेही समजून घ्यायचंय.

होईल. पण नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंतच, आणि सांदण पूर्ण उतरायचा हट्ट सोडलात तरच.

आधी खडकाचं बघू, कारण ते कळलं की वाटाही कळतात. अकोले तालुक्यातले हे सगळे डोंगर बेसाल्टचे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा एका दमात नाही, तर थरावर थर असा पसरत गेला. थराचा मधला भाग घट्ट, काळा आणि उभ्या भेगांचा असतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र, म्हणून मऊ. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटेच्या रंगाचा मातकट पट्टा दिसतो. नवा लाव्हा येण्याआधी जुना थर उघड्यावर कुजला, त्याचा तो अवशेष. घट्ट थर कडा होऊन उभा राहतो, मऊ थर आत खाल्ला जातो. सह्याद्रीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या डोंगरांचं सगळं गणित एवढंच आहे. डोंगराला आडव्या जाणाऱ्या वाटा, पाण्याची टाकी आणि कोरलेली लेणी बहुतेक याच मऊ पातळीत सापडतात. पायथ्याच्या पाचनई गावातून हरिश्चंद्रगडावर चढताना एका जागी डोक्यावर पुढे आलेली लांबच लांब कातळभिंत लागते आणि वाट तिच्या पोटाखालून जाते. तिथे दोन मिनिटं थांबून मुलीला भिंतीचा वरचा आणि खालचा भाग हाताने चाचपायला सांगा. फरक बोटांना कळतो. सच्छिद्र भागात पांढरे चमकदार स्फटिक भरलेले दिसतील, ती झिओलाइटं. बघायची, उचलायची नाहीत. अभयारण्यातला दगडसुद्धा कायद्याने वनोपज आहे.

हरिश्चंद्रगडावरचा कोकणकडा पश्चिमेला तोंड करून अर्धगोल वाकलेला आहे आणि वरून खाली जाताना आत गेलेला आहे. वरचा घट्ट थर छज्जासारखा पुढे राहिलाय. म्हणजे अगदी टोकाला उभं राहिलं की काही ठिकाणी पायाखाली खडक कमी आणि पोकळी जास्त असते. त्यात उभ्या भेगा आहेतच. म्हणून कड्यावर उभं राहून खाली वाकायचं नाही. टोकापासून दोन मीटरवर बसायचं आणि खाली बघायचंच असेल तर पालथं झोपून, पाय कुणीतरी धरून. मुलीच्या बाबतीत यात सवलत नको. कोकणातून येणारा वारा या वाटीत शिरून सरळ वर उसळतो. टोपी, ओढणी, प्लास्टिकची पिशवी खाली न जाता तोंडावर परत येते आणि माणूस दचकून एक पाऊल मागेपुढे होतो. एवढ्यानेही अपघात होऊ शकतो.

इंद्रवज्राबद्दल, म्हणजे खालच्या धुक्यावर दिसणाऱ्या गोल इंद्रधनुष्याबद्दल, बरंच ऐकलं असेल. कर्नल साईक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याला इथे ते दिसल्याची नोंद आहे. ते संध्याकाळी दिसेल या आशेने बरेच जण थांबतात, पण सूर्य पाठीशी आणि धुकं समोर खाली, असं जुळावं लागतं. कडा पश्चिमाभिमुख, म्हणजे सूर्य पाठीशी फक्त सकाळी असणार. पावसाळ्यात किंवा तो सरता सरता, दरीत ढग आणि वर ऊन असताना वेळ साधली तर साधली. तुमच्या हंगामात आशा धरू नका.

आता नेढं. रतनगडाच्या माथ्यावरची धार खूप अरुंद आहे. तिच्यातला कमजोर भाग दोन्ही बाजूंनी झिजत गेला आणि मध्ये आरपार भोक पडलं. भोक तयार झाल्यावर वारा तिथूनच वाहतो, म्हणून आत बसायचं, उभं राहायचं नाही. एका बाजूला भंडारदऱ्याचं पाणी, दुसऱ्या बाजूला कोकण दिसतं. शेजारी सुटा उभा असलेला खुट्टा सुळका हाही झिजेतून उरलेला घट्ट खडकच.

सांदण वेगळ्या जातीची. ती थरांच्या आडव्या झिजेतून झालेली नाही. उभ्या भेगेच्या रेषेत पाणी कापत गेलं आणि साम्रद गावाजवळ जमिनीला चीर पडल्यासारखी घळ तयार झाली. ती पश्चिमेला कोकणात उतरते. काही ठिकाणी इतकी अरुंद, की दोन माणसांना शेजारून जाता येत नाही. तळाशी सगळे धोंडे, आणि त्यातले बरेच सुटे. सुरुवातीच्या टप्प्यात दोन डोह लागतात. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर दुसऱ्या डोहात मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत पाणी असू शकतं, फेब्रुवारीकडे उतरतं. पुढे दोराशिवाय उतरता न येणारे कातळटप्पे सुरू होतात. पहिल्या कातळटप्प्याच्या अलीकडून परत फिरा. जाऊन-येऊन चार ते पाच तास धरा. दरीचं मुख्य रूप या पट्ट्यात बघून होतं, पुढे गेलात तर साहित्य, जाणकार माणूस आणि अख्खा दिवस लागतो. शिवाय करोली घाटाने परत वर चढायचं असतं.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत सांदणीत पाऊल टाकायचं नाही. पठारावरचं सगळं पाणी याच चिरेत येतं. आत असताना वर आकाशाची एक पट्टी दिसते, ती निळी असली तरी मागे पठारावर पाऊस चालू असू शकतो. पाणी आलं तर बाजूला व्हायला जागाच नाही. ऑक्टोबरात किंवा मे महिन्यात दुपारी वळीव भरून आलेला दिसला तरी हाच नियम.

क्रम असा लावा. पहिल्या दिवशी सांदण, सकाळी आठच्या आत आत शिरायचं. गर्दी नसते, आणि वरच्या लोकांच्या पायाने दगड सुटून खाली येण्याची भीतीही कमी. मुक्काम रतनवाडीत. दुसऱ्या दिवशी रतनगड: चढायला तीन-साडेतीन तास. सुरुवातीला प्रवरेच्या काठाने दाट जंगलातून वाट जाते आणि पुढे कात्राबाई खिंडीकडे जाणारी वाट फुटते. चुकतं ते इथेच, कारण तीही चांगली मळलेली आहे. म्हणून गावातला वाटाड्या घ्या. शेवटी लोखंडी शिड्या आहेत. शिडीवर एका वेळी एकच माणूस, तोंड कातळाकडे, आणि पाठपिशवीला बाहेर काही लोंबकळत ठेवू नका. खायचं हातात धरू नका, माकडं शिडीवरच ओढतात. उतरून आल्यावर अमृतेश्वराचं मंदिर निवांत बघा.

तिसऱ्या दिवसाची चूक नकाशामुळे होते. रतनवाडी आणि पाचनई जवळ दिसतात, पण मधली सरळ वाट कात्राबाई खिंडीतून पायी जाणारी आहे. गाडीला राजूरवरून वळसा घालावा लागतो. शक्य असेल तर दुसऱ्या संध्याकाळीच पाचनई गाठा. पाचनईची वाट सर्वांत सोपी, दोन ते अडीच तास. खिरेश्वर-तोलार खिंडीची वाट लांब आहे, खिंडीनंतर कातळटप्पा आणि मग एकामागून एक टेकड्या. मुलीला कंटाळा येईल. बेलपाड्याकडून येणाऱ्या नळीच्या वाटेचं नावही काढू नका. वर मंदिर, केदारेश्वराची गुहा (कंबरभर गार पाण्यात पिंड आणि चारांपैकी एकच शाबूत खांब) आणि तिथून अर्ध्या-पाऊण तासावर कोकणकडा. ऊन उतरण्याच्या आधी कड्यावरून निघा, म्हणजे उजेडात पाचनईत पोचाल. वर राहायचं मनात असेल तर मुक्कामाला सध्या परवानगी आहे का ते पाचनईतच विचारून घ्या. चूल मात्र पेटवू नका, अभयारण्यात आग लावणं गुन्हा आहे.

जंगलाबद्दल थोडं. हिरडा, जांभूळ, अंजनी, ऐन, करवंद आणि उतारावर सगळीकडे कारवी. कारवीची मुळं त्या मुरमाड उताराला धरून ठेवतात, म्हणून आडवाटेने तिच्यातून घुसू नका. एकदा पट्टा तुडवला गेला की पुढच्या पावसात तिथे ओहळ पडतो. शेकरू दिसलं नाही तरी झाडांच्या शेंड्याला त्याची काटक्यांची गोल घरटी दिसतील. काजव्यांसाठी वेगळी फेरी करावी लागेल, मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत.

सर्वांत दुर्लक्षित धोका आग्या मोहोळाचा. कड्यांच्या पुढे आलेल्या भागाखाली काळी पोळी लटकलेली असतात. अत्तर, डिओ, धूर, ड्रोन, आरडाओरडा हे सगळं टाळा. माशा उठल्याच तर हात झटकू नका; डोकं-तोंड कापडाने झाकून, कड्यापासून दूर, झाडीच्या दिशेने निघून जा.

सामानात माणशी तीन लिटर पाणी, डोक्याला लावायचा टॉर्च, सांदणसाठी जादा मोज्यांचे दोन जोड आणि फोन ठेवायला पाणी न शिरणारी पिशवी. बूट खोल नक्षीच्या सोलचेच हवेत. कोरड्या बेसाल्टवर कुठलेही बूट धरतात, घात होतो तो घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या खडी-मातीच्या उतारावर, आणि तोही उतरताना. तिथे टाच आधी, पाऊल छोटं, गुडघा किंचित वाकलेला. नाक्यावरचं प्रवेशशुल्क, वाटाड्या आणि गावातलं जेवण यासाठी रोख पैसे शेंडी गावात किंवा राजूरलाच काढून ठेवा. पुढे रेंजच्या भरवशावर पैसे देता येत नाहीत.